सातच्या शाळेचे टोले

मित्रांनो, मी रुळाचा एक जुना तुकडा आहे. हातभर लांबीचा, गंजलेला, आणि एकदा बोलायला लागलो की गप्प न बसणारा. वडगाव रासाईच्या पुढं, भीमेच्या अंगाला एक धनगरवस्ती आहे. तिथल्या दोन खोल्यांच्या शाळेपुढं लिंबाच्या फांदीला मला तारेनं टांगलं आहे. शाळेची घंटा म्हणतात ती मीच.

माझी उमेदीची वर्षं दौंडच्या यार्डात गेली. मालगाड्या अंगावरून गेल्या तरी मी हूं की चूं केलं नाही. झिजलो तेव्हा मला कापून भंगारात टाकलं, आणि वस्तीच्या लोकांनी बैलगाडीत घालून इथं आणलं. माझ्या हाकेला पोरं पळत येतात हे पाहून मी हरखलो. खोटं कशाला बोलू, थोडा माजलोही.

गेल्या वर्षी, म्हणजे १९९७ साली, ग्लॅडिस बाई मुख्याध्यापिका म्हणून आल्या. शिरूरच्या मिशन कंपाउंडात वाढलेल्या, बोलायला मऊ, पण ठरवलेलं तडीस नेणाऱ्या. पटावर अठरा मुलं होती. त्यातली सात कधीच येत नसत, कारण ती दिवसभर मेंढरांमागं असत. त्याच वर्षी तालुक्याला शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. मूल शाळेकडं येत नसेल तर शाळेनं मुलाकडं जावं, असं तिथं सांगितलं. बाकीच्यांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि चहा पिऊन घरी गेले. बाई मात्र थेट वस्तीवर म्हस्कू धनगराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"पोरगी शिकली तर बरंच हाय, बाई," म्हस्कू म्हणाला, "पर मेंढरं कोन वळनार?"

"मेंढरं रानात सोडायच्या आधी पाठवा. सात ते साडेनऊ. बाकीची मुलं नेहमीच्या वेळेला येतील."

"आन् तुमी दोनदा शिकवनार?"

"शिकवीन की."

अशी सातची शाळा सुरू झाली. बाई अंधारातच वडगावहून पायी निघायच्या. त्यांनी सात पोरांना एकच नियम घालून दिला: सातच्या शाळेचे सात टोले ऐकले की हातातलं टाकून यायचं. म्हस्कूची नकुशी त्यांच्यात थोरली, दहा वर्षांची. माझा पहिला टोला विरायच्या आत ती लिंबाखाली हजर असायची. दिवाळीपर्यंत ती एसटीची पाटी वाचू लागली. म्हस्कू ते भेटेल त्याला सांगत सुटला.

बाईंच्या जिवाला घोर एकच होता. या वेळेला मंजुरी नव्हती. त्यांनी तीनदा अर्ज केला होता, उत्तर आलं नव्हतं.

दिवाळीनंतर एका दुपारी तपासणीचे साहेब आले. त्यांनी मुलं मोजली.

"पटावर अठरा, समोर अकरा. बाकीची सात?"

"ती सकाळी येऊन गेली, साहेब."

"बाई, कागदावर काहीही लिहिता येतं. मला मुलं दाखवा, नाहीतर ही सकाळची शाळा आजपासून बंद."

बाई माझ्याजवळ आल्या. दांडा उचलून नुसत्याच उभ्या राहिल्या. मुलं या घटकेला कुठं आहेत हे त्यांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. मग त्यांनी तेच सात टोले ठोकले, आणि मी वाजलो. जीव तोडून वाजलो, मित्रांनो. मला वाटलं, आज शाळा वाचवायची ती मीच.

सातही पोरं आली. धापा टाकत, अंगभर धूळ घेऊन. नकुशीनं साहेबांना धडा वाचून दाखवला, एकदाही अडखळली नाही. साहेब खूश झाले. "चालू द्या तुमची सकाळची शाळा," म्हणाले, आणि शेरेबुकात लिहून गेले: उपस्थिती समाधानकारक.

तेवढ्या वेळात मेंढरं कापलेल्या ज्वारीच्या रानात शिरली होती. बुडख्यांना कोवळे धुमारे फुटले होते. ते विषारी असतात, हे वस्तीतलं शेंबडं पोरही जाणतं. नकुशी परत पोचली तेव्हा चौदा मेंढरं टाचा घासत होती. दिवस मावळायच्या आत सगळी मेली.

बाई दुसऱ्या दिवशी वस्तीवर गेल्या. म्हस्कूनं त्यांना घोंगडीवर बसवलं, पाणी दिलं.

"चूक माझी आहे, म्हस्कूमामा. नकुशीला मारू नका."

"म्या न्हाई मारलं. ती राती जेवलीच न्हाई," तो म्हणाला. "तुमी चांगलं कराया गेला, बाई. पर आता आमची पोरं मागू नका."

सातही घरांनी तेच सांगितलं.

आता मंजुरी आहे आणि पोरं नाहीत. तरी बाई रोज सात वाजता मला वाजवतात, साडेनऊपर्यंत रिकाम्या वर्गात बसतात, आणि मग अकरा मुलांसमोर हसऱ्या तोंडानं उभ्या राहतात. मला ते हसणं बघवत नाही. परवा बन्सी नावाच्या गुराख्यानं त्यांना सांगितलं, "घंटा वाजली की तुमची नकुशी दोन्ही कान दाबून धरती, बाई." बाई फळा पुसत राहिल्या, पुसलेलाच.

मित्रांनो, कुणाला हाक मारायची असेल तर त्याच्या हातात काय आहे ते आधी विचारा. मी लोखंड, मला विचारता आलं नाही. आणि एक काम करा. भीमेच्या काठानं कधी गेलात, मेंढरांमागं एक मुलगी कान दाबून उभी दिसली, तर तिला सांगा की तिनं मेंढरं सोडली नव्हती, तिला बोलावलं होतं. मी सांगू शकत नाही. मी तोंड उघडलं की तिला टोलेच ऐकू येतात.