साखळी सैल पडेपर्यंत

“लाइल, पाइप नको. पाइप नंतर,” आर्डिस पुटपुटली. ओठ शक्यतो हलू न देता, कारण ट्रेलर-पार्कची मॅनेजर ट्रिना वीस पावलांवर आपल्या बॅटरीच्या गाडीत बसून सगळं बघत होती.

लाइल हातभर लांब लोखंडी पाइप घेऊन ट्रक आणि ट्रेलरच्या मधल्या जोडावर वाकला होता. नवऱ्याचा हा चेहरा आर्डिसला आता पाठ झाला होता. हात कामाला आसुसलेले आणि डोळे कुठेतरी दुसरीकडेच. हिवाळ्यात त्याच्या मेंदूला एक छोटासा झटका येऊन गेला. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. निभावलं खरंच. बोलणं शाबूत, चालणं शाबूत, पाना हातात दिला तर नट कुठल्या मापाचा ते अजून न बघता सांगेल. एकतीस वर्षं शेतीची यंत्रं दुरुस्त केलेला माणूस तो. गेला तो फक्त क्रम. आधी काय आणि मग काय, एवढंच.

आणि या कामात तर सगळं क्रमावरच होतं. ट्रेलरचं नाक, म्हणजे पुढचं टोक, जड; त्याने ट्रकचा मागचा भाग दबू नये म्हणून खाली दोन जाड पोलादी सळया लावलेल्या. एकेका साखळीने खेचून, धनुष्यासारख्या ताणून. दिवसभर रस्त्यावर त्या मुकाट ओझं वाहतात. पण तो ताण आधी उतरवला नाही आणि साखळी अडकवलेल्या कड्याची खीळ काढून त्यात नुसता पाइप घातला, तर तो पाइप हातातून हिसका मारून सुटतो आणि मधे जे येईल ते फोडतो. बीट काढणीच्या हंगामी कामावर शेजारच्या ट्रेलरवाल्याचा जबडा असाच मोडला होता. महिनाभर बिचारा नळीने सूप पीत होता.

“काही अडलंय का?” ट्रिनाने विचारलं.

“छे, काही नाही!” आर्डिस मोठ्याने म्हणाली. “तो मला शिकवतोय!”

तोंडातून कसं निघालं, तिचं तिलाच कळलं नाही. इथली नोकरी होती जोडप्यासाठी. तिने संडास-बाथरूम धुवायचे, त्याने गवत कापायचं, नळ-बिळ बघायचे. बदल्यात जागा, वीज आणि पाणी. गेल्या महिन्यात नेब्रास्कातल्या पार्काने तिसऱ्याच दिवशी नारळ दिला होता. लाइलने पाणी बंद करायच्या आधीच नळ खोलून ठेवला आणि निम्मा पार्क जलमय केला. आता इथूनही हाकललं, तर सप्टेंबरअखेर बीट काढणीचं काम निघेपर्यंत जायचं कुठे? घर विकून सहा वर्षं झाली होती, तेव्हापासून ट्रेलर हेच घर. रस्त्याच्या कडेला किती दिवस उभं राहणार? आर्डिसला सगळ्याचाच कंटाळा आला होता, पण बसून कंटाळायलासुद्धा कुठेतरी जागा लागतेच ना.

“हां, तर सांग की आता,” ती लाइलला म्हणाली. “चाकांना ठोकळे लावले. मग काय, जॅक?”

लाइलने पाइपाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग चेहरा उजळला. “अर्थात जॅक! पाइप कसला लगेच घालतेस?”

“मला वाटलं, पाइप.”

“तुला काय वाटतं ते राहू दे. दात पाडून घ्यायचेत का? जोडाची कडी काढायची नाही. ट्रेलर ट्रकला अडकलेलाच ठेवायचा आणि जॅकने नाक वर घ्यायचं. ट्रकची मागची बाजूपण वर येते. साखळी आपोआप ढिली पडते.”

“अगं बाई! असं होय,” आर्डिस म्हणाली. गेल्या चार महिन्यांत सात ठिकाणी तिने एकटीने हेच केलं होतं, लाइलला पुढे कॉफी देऊन बसवून.

तो जॅकचा दांडा फिरवू लागला. खांदे अजून भक्कम होते त्याचे. ट्रकची मागची बाजू कण्हत वर आली. डावी साखळी लोंबायला लागली. त्याने खीळ काढली, बाजूला उभं राहून पाइपाने कडं अलगद खाली घेतलं, साखळी सोडवली, सळई उपसून गवतावर ठेवली. एका दमात. पूर्वीचा लाइल. 

तेवढ्यात ट्रिना गाडीतून उतरून जवळ आली. जोड सुटत असताना माणसाशी बोलायचं नाही, हा ट्रेलरवाल्यांचा अलिखित नियम. पण ही पोरगी ऑफिसात बसणारी. “लाइल, गवताचं मशीन चालू होत नाहीये हो दोन दिवस. जरा बघाल?”

“पेट्रोल जुनं असेल,” लाइल म्हणाला. “कार्ब्युरेटर साफ करून देतो.”

आणि परत वळला तो थेट जॅककडे. दांडा उलटा फिरवायला लागला. ट्रकची मागची बाजू खाली, खाली. अजून न सोडवलेली उजवी साखळी परत तारेसारखी ताठ.  ती पलीकडून येईपर्यंत त्याने दांडा सोडला, उजवी खीळ उपटली, पाइप घातला आणि नीट दिसावं म्हणून तोंड बरोबर पाइपाच्या वर नेलं.

हात धरून ओढावं, तर पाइपालाच धक्का. ओरडावं, तर ट्रिना समोर.

“लाइल, मी विसरले,” ती म्हणाली. आवाज कापत होता, तो तिने तसाच कापू दिला. “तोंड कुठे ठेवायचं म्हणालास?”

“पाइपाच्या वर कधीच नाही!” तो खेकसला, आणि खेकसता खेकसता स्वतःच मागे सरला. “किती वेळा सांगायचं तुला?”

“आणि पाइप घालायच्या आधी काय बघायचं?”

तो थांबला.  मग हळूच पाइप बाहेर काढला आणि साखळी हलवून पाहिली. ती हलेना.

“ताठ आहे,” तो हळू आवाजात म्हणाला.

“मग?”

“मग... जॅक. वर.”

दुसरी सळई निघाली. जॅक आता खरोखरच खाली घेऊन ट्रेलर आपल्या पायावर उभा केला, दिव्यांची वायर सुटली, कडी सुटली.  आर्डिस ट्रेलरच्या पायरीवर जरा टेकली.

“मस्त शिकवता हो तुम्ही,” ट्रिना म्हणाली. “नाहीतर बायकोला हात लावू देत नाहीत पुरुष. शुक्रवारी एक नवीन जोडपं येतंय, पहिल्यांदाच ट्रेलर घेतलाय त्यांनी. त्यांनाही दाखवाल?”

“दाखवतो की,” लाइल म्हणाला.

“आम्ही दोघं येऊ,” आर्डिस म्हणाली.

ट्रिनाने जागेची चावी आर्डिसच्या हातात दिली आणि गाडी वळवून निघून गेली. शुक्रवारचं शुक्रवारी बघू. लाइल रुमालाने हात पुसत बायकोजवळ आला आणि तिच्या खांद्यावर थोपटलं. “जमतंय तुला. आता मला काही झालं तरी तुझं अडायचं नाही.”

“अजून एकदोनदा शिकवावं लागेल.”

“शिकवेन.” एवढं बोलून तो ट्रकच्या पलीकडच्या बाजूला गेला, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसला, पट्टा लावला आणि काच खाली करून म्हणाला, “चल, ऊठ ना. अंधार पडायच्या आत पोचायला हवं.”

 आर्डिस उठली. ट्रक ट्रेलरखालून पुढे घ्यायचाच होता. ती स्टिअरिंगमागे बसली, इंजिन सुरू केलं आणि दहा फूट पुढे नेऊन बंद केलं.

“पोचलो, लाइल.”

त्याने बाहेर पाहिलं. पार्कच्या तळ्यावर अजून ऊन होतं.

“वेळेत आलो की,” तो म्हणाला, आणि आपला पट्टा तिने सोडवावा म्हणून हात वर करून तिच्याकडे वळला.