पोटावरची रेघ

"शर्ट अजून थोडा वर घ्या," डॉ. ऋजुता म्हणाल्या, तसं महेंद्रने शर्टाचं टोक हनुवटीखाली दाबून धरलं. त्यांनी त्याच्या बेंबीखालची सैल कातडी दोन्ही हातांनी धरून पुढे ओढली. ती चांगली वीतभर पुढे आली. सोडल्यावर सावकाश मागे गेली आणि उशीच्या रिकाम्या अभ्र्यासारखी पँटच्या पट्ट्यावर लोंबू लागली. महेंद्र समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. छत्तिसाव्या वर्षी परक्या बाईसमोर असं उभं राहायचं, आणि वर कोपऱ्यातल्या स्टुलावर आई बसलेली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

खरं तर बायको, दर्शना, येणार होती. ऑपरेशननंतर पंधरा दिवस घरी ज्याला बघायचं आहे त्याला सोबत आणा, असं दवाखान्यातून फोनवर सांगितलं होतं. पण दर्शनाला रजा मिळाली नाही आणि सुनेच्या जागी सासू, शालन, आली. विठ्ठलवाडीहून निघाल्यापासून शालन फारसं बोलली नव्हती. घोडबंदर रोडला रिक्षा पाऊण तास एकाच जागी उभी होती, तेव्हाही ती पदर सावरत बाहेरचे उंच टॉवर बघत बसली होती. महेंद्रला वाटलं, दमली असेल.

एके काळी तो एकशे अठरा किलोचा होता, हे आता कोणाला सांगूनही खरं वाटत नसे. गेलं वर्षभर काटा शहात्तरवर ठाम होता. कोलशेतच्या ज्या कंपनीत तो स्टोअर्स सांभाळायचा, तिथे लोक त्याला गाठून डाएट विचारत, नव्या साहेबांनी तर आपल्या बायकोशी त्याला फोनवर बोलायला लावलं होतं. भाकरी, चालणं, साखर बंद, असं काहीबाही सांगून तो सगळ्यांची बोळवण करी. चरबी गेली होती, पण तिने ताणून ठेवलेली कातडी कुठे जाणार? ती रोज सकाळी घडी घालून पँटमध्ये कोंबावी लागे. उन्हाळ्यात घडीखाली पुरळ उठे. पाच वर्षांची सान्वी ती बोटाने हलवून खुदुखुदु हसे, आणि महेंद्र हसल्यासारखं करी.

डॉक्टरांनी त्याला समजावून सांगितलं ते अगदी सरळ, कसलीही भुरळ न घालता. टमी टक म्हणजे वजन उतरवायचं ऑपरेशन नव्हे. ज्याचं वजन आधीच उतरलंय आणि उतरून एका जागी थांबलंय, त्याच्यासाठी ते असतं. जादा कातडी काढायची, पोटाचे सैल पडलेले स्नायू शिवून घट्ट करायचे. ज्या बाईला अजून मूल हवंय तिला त्या परत पाठवत. सिगरेट ओढणाऱ्याची जखम नीट भरत नाही, त्याला आधी ती सोडायला लावत. नंतर जखमेतलं पाणी काढायला दोन नळ्या लावतात, आठवडाभर वाकून चालावं लागतं, दीड महिना जड काही उचलायचं नाही.

"आणि काहीजण येतात ते पोटासाठी येतच नाहीत," त्या म्हणाल्या. "पोट गेलं की नवरा वळेल, घरातलं सगळं सुधारेल, असं मनात धरून येतात. त्यांना मी घरी पाठवते. मला कातडी कापता येते, बाकीचं नाही."

"मग मी?"

"तब्येतीने म्हणाल, तर तुम्ही यात अगदी बसता."

महेंद्रचा जीव भांड्यात पडला. आयुष्यात दुसऱ्यांदा तो कुठल्या तरी ऑपरेशनसाठी डॉक्टरांपुढे उभा होता आणि या खेपेला तो पास झाला होता.

"कापतात कुठनं?" शालनने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

डॉक्टरांनी टेबलावरचं जांभळं पेन घेतलं आणि महेंद्रच्या एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत, ओटीपोटाच्या खालून, एक रेघ ओढली. शालन स्टुलावरून उठून जवळ आली. तिने चष्मा लावला आणि रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली.

"एवढं?"

"एवढं. पण कपड्याखाली झाकलं जातं, आजी. कोणाला दिसत नाही."

 शालनने चष्मा काढून पदराने पुसला, जरा बाहेर बसते म्हणाली आणि दार ओढून घेऊन गेली. डॉक्टरांनी महेंद्रला शर्ट खाली करायला सांगितलं आणि लिहिता लिहिता सहज विचारलं, एवढं वजन उतरवायचं मनावर कशामुळे घेतलंत?

या प्रश्नाचं उत्तर त्याच्या तोंडावर असे. तब्येतीसाठी. पण आज ते ओठांवर आलंच नाही.

"बाबांसाठी," तो म्हणाला. "पण उशिरा उतरवलं."

मग त्याने थोडक्यात सांगितलं. त्याचे वडील, दगडू, त्याच कोलशेतच्या कंपनीत तीस वर्षं फिटर होते. दारूच्या थेंबाला शिवले नाहीत, तरी जुन्या काविळीने त्यांचं लिव्हर खाल्लं, आणि चाळीतले लोक मात्र अजून वेगळाच संशय घेतात. घरातल्या कोणी तरी लिव्हरचा तुकडा दिला तर माणूस वाचेल, असं मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले होते. शालनला साखरेचा आजार, दर्शनाचा रक्तगट वेगळा. महेंद्रचं सगळं जुळलं, फक्त त्याच्या स्वतःच्याच लिव्हरवर चरबी होती. तीन महिन्यांत वीस किलो उतरवा, मग तुमचा तुकडा घेता येईल, असं ठरलं. दगडू दोन दिवस नाही नाही म्हणत राहिले. महेंद्रने दोन वर्षांच्या सान्वीची शपथ घातली, त्यांच्या पायाशी बसून रडला, तेव्हा कुठे ते गप्प झाले.

तीन महिन्यांत महेंद्रचं वजन दोन किलो वाढलं. चौथ्या महिन्यात दगडू गेले. त्यानंतर पोटात काय पेटलं कोण जाणे, दीड वर्षात त्याने बेचाळीस किलो उतरवले.

डॉक्टरांना त्याने इतकंच सांगितलं. लाडवांचं सांगितलं नाही. ते त्याने दर्शनालाही कधी सांगितलं नव्हतं. दर्शना बिचारी डोळ्यांत तेल घालून त्याला उकडलेले मूग आणि काकडी देत होती, आणि पहाटे तो पहिल्या पाळीला निघताना, ती झोपेत असताना, शालन त्याच्यापुढे चहाबरोबर दोन डिंकाचे लाडू ठेवत होती. तुपात तळलेला डिंक, खारीक, खोबरं. पोटाचं ऑपरेशन व्हायचंय, अंगात ताकद नको का, असं म्हणायची. बाळंतिणीला देतात तसे ती त्याला लाडू देत होती, आणि तो खात होता. एकदा तपासणीत काटा वर गेलेला दिसला तेव्हा डॉक्टर त्याच्यावर बरेच तडकले. दगडू तेव्हा शेजारीच बसले होते. एक अक्षर बोलले नाहीत. बाहेर आल्यावर उलट त्याला कँटीनमध्ये घेऊन गेले आणि बसवून एक वडापाव खायला घातला.  बाप आपलं सांत्वन करतोय, या विचाराने महेंद्रला आणखीच मेल्यासारखं झालं होतं.

आपल्या हातच्या लाडवांनी नवरा गेला, हे आईला कधीही कळता कामा नये, एवढं एकच त्याने गेली अडीच वर्षं जपलं होतं. शेजारच्या बाळंतिणीकडून लाडू आले तरी तो उठून बाहेर जाई.

"ही कातडी गेली की तेही जाईल, असं वाटतंय का तुम्हाला?" डॉ. ऋजुतांनी विचारलं.

महेंद्रने मान खाली घातली. तसं वाटत होतंच. रोज अंघोळीला ते पोट दिसायचं आणि रोज दिवस तिथूनच सुरू व्हायचा.

"तुमच्या तब्येतीचं मी सांगितलं," त्या म्हणाल्या. "याचं तुम्ही बघा. तारखेची मला घाई नाही."

बाहेर शालन खिडकीजवळच्या बाकावर बसली होती. खाली गाड्यांची रांग तशीच होती. महेंद्र शेजारी बसला आणि रिक्षा बोलावू का, की आधी काही खायचंय, असं विचारू लागला. तिने त्याचा हात धरला.

"नको करू हे."

"आई, घाबरण्यासारखं काही नाही. तुझ्यासमोरच बोलल्या ना त्या."

"घाबरत नाही मी," ती म्हणाली. "ते लाडू मी माझ्या मनाने नव्हते देत."

 जो शब्द तिच्या कानावर पडू नये म्हणून तो जपत आला होता, तो तिनेच काढला होता.

"कुठले लाडू?" त्याने उगाच विचारलं.

"तुझ्या बाबांनी सांगितलेलं. म्हणाले, त्याचं वजन उतरू देऊ नकोस. माझं तो ऐकत नाही, तुझ्या हातचं खाईल. माझ्यापायी त्याच्या पोटाला सुरी लागायला नको, पोर दोन वर्षांची आहे त्याची."

मग ती खिडकीकडे तोंड करून, मध्ये न थांबता सांगत गेली. चार दिवस ती नवऱ्याशी भांडली होती. हे माझ्याच्याने होणार नाही म्हणून तिने कानावर हात ठेवले होते. शेवटी दगडूंनी तिचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला आणि हे पोराला कधी सांगायचं नाही, असंही वदवून घेतलं. ऑपरेशनात काही वाकडं झालं तर घरातले दोन्ही पुरुष जातील, माझं काय, माझं जगून झालंय, असं ते म्हणत होते. मग तिने डिंक आणला.

"मला काय कळत नव्हतं का?" शालन म्हणाली. "लाडू वळताना रोज कळायचं, ह्या लाडवाने त्यांचा एक दिवस कमी होतोय. तरी वळायचे. मी त्यांचं ऐकायला नको होतं रे."

महेंद्रला राग आला, पण तो कोणावर काढावा ते त्याला कळेना. ज्याच्यावर काढायचा तो माणूस त्याला वडापाव खायला घालून निघून गेला होता. उरली होती ती आई. तिच्याकडे बघून त्याचा राग फार वेळ टिकला नाही. त्याच्या जागी जे आलं, ते जुनंच होतं.

"मला माहीत होतं, आई," तो म्हणाला. "ते लाडू मी खाता कामा नये, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुला वाईट वाटेल म्हणून खाल्ले, असं मी स्वतःला सांगतो. पण तसं नाही. भूक लागायची, आणि ते गोड लागायचे."

शालनने त्याच्याकडे वळून बघितलं. तिचे डोळे भरले नव्हते. ती फक्त फार थकलेली दिसत होती.

"मी रोज वाट बघायचे," ती म्हणाली. "वाटायचं, आज तू बशी मागे सारशील. एकदा जरी नको म्हणाला असतास ना, तर मी त्यांना सांगितलं असतं, पोरगा खात नाही, माझा इलाज नाही. सुटले असते मी."

 महेंद्र तिचा हात धरून बसून राहिला. मग ती म्हणाली, "म्हणून सांगते. तुझ्या पोटासाठी माणूस गेलाय माझा. आता नुसत्या कातडीसाठी ते फाडू नकोस."

तेवढ्यात काउंटरवरून क्षिप्राने, तिथल्या मुलीने, त्याचं नाव पुकारलं. महेंद्र उठला. तारीख आत्ता नको, नंतर कळवतो, असं त्याने तिला सांगितलं. तेव्हा आपण हे कधी तरी करणार आहोत की नाही, हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. क्षिप्रा म्हणाली, तारीख नंतर दिली तरी चालेल, पण डॉक्टरांनी तपासलंय म्हणजे फाइल करावीच लागते. तिने कॉम्प्युटरवर एकेक विचारायला सुरुवात केली. पूर्ण नाव, वय, वजन. साखर आहे का, सिगरेट ओढता का, कुठल्या औषधाने त्रास होतो का. महेंद्र उत्तरं देत गेला. शालन मागून येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली.

"याआधी पोटाचं काही ऑपरेशन?"

महेंद्रने वळून आईकडे बघितलं.

"नाही," शालन म्हणाली.

"नक्की ना, आजी? बरेच जण विसरतात."

"नक्की. आम्ही होऊ दिलं नाही."

क्षिप्राने क्षणभर मान वर करून तिच्याकडे बघितलं. मग तिने त्या रकान्यात 'नाही' लिहिलं आणि पुढचा प्रश्न वाचायला घेतला.