उपकारस्तुती, पण कशाबद्दल

नवऱ्याची नजर गेली याचं दुःख होतंच, पण तरीही तो खूश आहे हे जयमालाबाईंना त्याहून असह्य होत होतं. तेवीस दिवसांपूर्वी श्यामसुंदररावांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डावा डोळा काचबिंदूनं आधीच गेला होता. उजव्यात जे काही उरलं होतं ते टिकावं म्हणून हा सगळा खटाटोप, आणि ते टिकलं नाही. खिडकी कुठे आहे, एवढं आता त्यांना कळतं. डॉक्टरांनी सांगितलं की यापुढे काही करता येण्यासारखं नाही, तेव्हा जयमालाबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, आणि श्यामसुंदरराव डॉक्टरांना म्हणाले की तुम्ही फार मेहनत घेतलीत, प्रभू तुमचं भलं करो. तिथे बाईंचं जे पित्त खवळलं ते खवळलेलंच होतं.

बरं, माणूस जन्मभर डोळ्यांवर जगलेला. हे शहर खाडीकाठी वसत होतं तेव्हा ते नकाशे काढायच्या कचेरीत होते. नेरूळचे कितीतरी रस्ते आधी त्यांच्या कागदावर पडले आणि मग जमिनीवर. आणि आता सकाळी उठून, चाचपडत गॅलरीत जाऊन ते गाणी म्हणतात. गाणी चर्चमधली, सगळी स्तुतीची. एखादं रडकं निवडावं, तर तेही नाही. शर्ट उलटा घातला तर स्वतःच हसतात. चहाचा कप गॅलरीतून खाली पडला तर म्हणतात, बरं झालं, खाली कोणी नव्हतं. एकदा बाथरूमचा नळ सोडून बाईंनी पोटभर रडून घेतलं, आणि बाहेर आल्या तर हे कौतुकानं विचारतात की आज एवढा वेळ पाणी कसं काय आलं. अशा माणसापुढे हात टेकायचे नाहीत तर काय करायचं?

पण सगळ्यात मोठी भानगड होती शनिवारच्या सभेची, आणि ती बाईंनी स्वतःच्या हातानं करून ठेवली होती. ऑपरेशनच्या आधी एक दिवस त्या सोसायटीच्या फाटकापाशी मासळी घेत होत्या. सारसोळ्याची कोळीण गोजरा वीस वर्षं तिथे पाटी घेऊन बसते. बाईंचा उतरलेला चेहरा पाहून ती म्हणाली, "बाय, माझे सुनंला सात वरसा पोर नवता. मी आईला नवस केला नी झाला. तुमी पन बोला तुमचे देवाला. त्याला कान हायेत ना?" चार पिढ्यांच्या ख्रिस्ती घराण्याला शोभेल असं तोंड करून बाईंनी सांगितलं की आमच्यात नवस नसतो. मग घरी येऊन बोंबील धुवायला घेतले आणि धुता धुता देवाशी बोलून मोकळ्या झाल्या: यांना दिसू दे, मी घरी उपकारस्तुतीची सभा ठेवीन, पन्नास माणसांना मटणाचं जेवण घालीन. हा नवस नव्हता, असं त्यांनी स्वतःला बजावलं. ही नुसती विनंती.

त्यांच्या चर्चच्या मराठी मंडळीत ही जुनी रीत आहे. नोकरी लागली, नातवंड झालं, आजारातून माणूस उठला, की घरी उपकारस्तुती ठेवायची. पाळक, म्हणजे चर्चचे पाद्री, येतात, गाणी होतात, बायबलच्या वचनावर बोलणं होतं, शेवटची प्रार्थना घरची बाई करते आणि मग खाणंपिणं. कारण आधी जाहीर करावं लागतं. डिसेंबरात सगळे नाताळाच्या गडबडीत असतात, म्हणून नोव्हेंबरचे शनिवार झटपट भरतात. बाईंनी म्हणूनच शनिवार आधीच अडवून ठेवला आणि सूचना पाहणाऱ्या क्रांतीला कारणही लिहून दिलं. पुढे व्हायचं ते झालं, आणि क्रांतीला कळवायचं राहून गेलं. तीन रविवार दोघं चर्चला गेले नव्हते आणि फोन करणाऱ्यांना बाई "बघू, वेळ लागेल" एवढंच सांगत होत्या. क्रांती मात्र कामाची पक्की. मंगळवारी सकाळी सातला मंडळीच्या ग्रुपवर गुलाबाच्या चित्रासकट सूचना आली: 'श्री. श्यामसुंदर आढाव यांना देवाने पुन्हा दृष्टी दिल्याबद्दल उपकारस्तुती. सर्वांनी अगत्याने यावे.' दुपारपर्यंत खाली त्रेसष्ट आमेन जमा झाले होते.

बाईंनी ती सूचना नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवली. निदान आता तरी हा माणूस चिडेल, अशी त्यांना आशा होती. श्यामसुंदरराव ठसका लागेपर्यंत हसले. मग डोळे पुसून म्हणाले, की आता सभा रद्द करू नकोस.

"कशाबद्दल ठेवू?" बाई म्हणाल्या. "तुमची नजर गेली त्याबद्दल?"

"देव आहे त्याबद्दल."

"तो आहे हे मलाही माहीत आहे. त्यानं केलं काय, ते सांगा. मी त्याला शब्द दिला होता. त्यानं त्याच्या वाटचं केलं नाही, तर माझ्या वाटचं मी का करू?"

बोंबील धुताना काय बोलणं झालं होतं ते श्यामसुंदररावांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. मग त्यांनी हात पुढे केला, तो चुकून टेबलाच्या कडेला लागला, आणि बाईंनी नाइलाजानं आपला हात त्यात दिला.

"मी काही वेडा नाही, जयमाला," ते म्हणाले. "रोज पहाटे अंधारात जागा होतो तेव्हा डोळे उघडलेत की मिटलेत तेच कळत नाही. जाम घाबरतो. मग त्याला हाक मारतो. तो असतो. तो आहे म्हटल्यावर मला बरं वाटतं आणि गाणं येतं. मी मुद्दाम नाही करत."

यावर भांडता येत नव्हतं, आणि म्हणून बाईंना आणखीच राग आला. कारण हाक मारायला यांना कोणीतरी होतं, आणि बाईंना स्वतःला कोणी उरलं नव्हतं. ऑपरेशननंतर त्या देवाशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. जेवणाआधी हे प्रार्थना करत तेव्हा त्या सरळ भाजीकडे बघत बसत; पूर्वी निदान हात तरी जोडावे लागायचे. नवऱ्याला दिसत नाही याचा एवढा एकच फायदा झाला होता. साठ वर्षांची सोबत तुटली होती, आणि ती आपणच तोडली हे त्यांना कळत होतं. पण आधी आपण बोलायचं म्हणजे माघार घेतल्यासारखं होतं.

सभा ठेवायला त्या शेवटी तयार झाल्या, पण मटण रद्द. पोहेसुद्धा नाहीत. चहा आणि ग्लुकोजची बिस्किटं, बस. देवाला कळू दे. क्रांतीला फोन करून सूचनेतलं कारण काढायला सांगितलं तर ती हवालदिल झाली. "बाई, कारण ब्लँक कसं ठेवू? सगळे मला पर्सनलवर विचारणार." तरी तिनं बिनकारणाची सूचना टाकली, आणि त्याचा परिणाम असा झाला की जे येणार नव्हते तेही काय प्रकार आहे ते बघायला आले. शनिवारी संध्याकाळी साडेसहाला दोन खोल्यांच्या घरात एक्केचाळीस माणसं होती आणि बिस्किटं कमी पडणार हे उघड दिसत होतं.

केतन पाळक वयानं लहान, मनानं चांगला. देव माणसाची परीक्षा कशी घेतो, यावर बिचारा वीस मिनिटं बोलला. शरीराचे डोळे आणि आत्म्याचे डोळे यावर तो आला तेव्हा स्वयंपाकघरात बाईंनी पातेल्यावर झाकण जरा जोरातच ठेवलं. मग श्यामसुंदरराव साक्ष द्यायला उठले. मला दिसत नाही, याचं वाईट वाटतं, ते म्हणाले. देव माझ्याजवळ आहे, याचा आनंद वाटतो. मला दोन्ही वाटतं, रोज वाटतं. एवढं बोलून ते खाली बसले आणि म्हणाले, "आता आमची मंडळी प्रार्थना करतील."

माणसं डोळे मिटून थांबली. बाई गाळणं हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या. आल्यागेल्यांचे आभार मानणारी चार ओळींची प्रार्थना त्यांना तोंडपाठ होती, आणि ती म्हणून त्या सुटणार होत्या.

"बापा," त्या म्हणाल्या, आणि तिथेच अडकल्या. मग म्हणाल्या, "मी तुझ्याशी बोलत नव्हते. तुला कळलंच असेल. मी एकच मागितलं होतं, ते तू दिलं नाहीस. मला फार राग आलाय. चाळीस वर्षं तुझी गाणी म्हटली या माणसानं, आणि तू हे केलंस. मला पटलेलं नाही."

पाळक हलकेच खोकला. बाईंना ते ऐकूही आलं नाही. औषधाचे थेंब घालताना हात कसा कापतो ते त्यांनी सांगितलं, जिन्यावर जीव कसा वर-खाली होतो ते सांगितलं, पुण्याहून मुलगी ऋता रोज फोनवर आईला कशी अक्कल शिकवते ते सांगितलं, बाथरूमच्या नळाचंही सांगितलं. मागे चहा उतू जात होता. आई गेल्यापासून असं कोणाला सांगितलं नव्हतं, ते सगळं त्या एक्केचाळीस माणसांसमोर सांगत होत्या, आणि त्या माणसांना सांगत नव्हत्या. कधीतरी मध्येच त्यांना जाणवलं की तो ऐकतोय. तेवीस दिवस तो वाट बघत बसला असावा. समजावत नव्हता, रागवत नव्हता, उठून जात नव्हता.

"एवढंच," त्या म्हणाल्या. "तू आहेस ते बरंय. आमेन."

आमेन म्हणावं की नाही, असा लोकांना क्षणभर प्रश्न पडला. मग श्यामसुंदररावांनी म्हटलं आणि सगळ्यांनी म्हटलं.

बाई आत जाऊन ओटा पुसायला लागल्या. नजर काही परत आली नव्हती, नऊ वाजता थेंब घालायचे होते, उद्याही तेच, परवाही तेच. आणि तरी त्यांना आनंद होत होता, अगदी लहानपणी व्हायचा तसा, कशाचा म्हणून सांगता येणार नाही असा. म्हणजे इतके दिवस नवऱ्याचंच बरोबर होतं, आणि याचा त्यांना भयंकर राग आला.