चोरखिसा

सरकारने ‘रोख सोडा’ म्हणून गावभर भिंती रंगवल्या, तेव्हापासून माझ्याकडे चोरखिसे शिवून घ्यायला कुणी येईना. पँटच्या कमरपट्ट्याआड लपवलेला तो छोटा खिसा म्हणजे एकेकाळी गिऱ्हाइकांचा जीव की प्राण. आता पैसा फोनमध्ये. काजं करता करता नणंद म्हणाली, “वहिनी, बिचाऱ्या चोरांनी खायचं काय?”

माझीही बारा वर्षांची डब्यातली रोख मी बँकेत भरली होती. दुकानाचा गाळा मालक विकायला निघालाय. वर्षभरात मी घेतला नाही, तर मशीन उचलून घरी जायचं. रक्कम थोडी कमी पडत होती. बँकेचे मॅनेजर म्हणाले, “पैसा झोपवू नका मावशी. बाजार वर चाललाय, फंडात टाका.” फॉर्म भरून झाला होता, सही तेवढी राहिली होती.

आणि त्या पंधरवड्यात चोरखिसे परत आले. आधी बँकेचा शिपाई आला, मग कॅशियरबाई. मला नसत्या चौकशांची खोड आहेच, पण हे कोडं काही सुटेना. एके सकाळी तर खुद्द मॅनेजर कोट घेऊन हजर.

“आतून एक खिसा हवाय.”

“काय ठेवणार? मापासाठी विचारते हो.”

“कागद.”

“केवढा?”

त्यांनी बोटांनी लांबी-रुंदी दाखवली. त्या मापाचे कागद मी बारा वर्षं मोजलेत, मला काय सांगता!

“आणि जाडी?”

त्यांनी चिमूट उघडली, जरा विचार केला, अजून उघडली. नणंदेची सुई थांबली.

संध्याकाळी त्यांनी कोट घालून पाहिला. खिसा झकास बसला होता. मग म्हणाले, “मावशी, सही? आज शेवटची तारीख.”

“साहेब, माझ्या जागी तुमची आई असती तर?”

त्यांनी आवाज खाली आणला. “आईचेच पैसे काढायचेत,” म्हणाले. “उद्या.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. “आणि मी कोण? वाटेवरची?”

“वरून आकडा येतो, मावशी. एवढे फॉर्म आणाच म्हणतात. बँकेचा निम्मा पैसा त्याच बाजारात अडकलाय. आम्हाला दिसतंय, पण बोलायची सोय नाही.”

“आत्ता बोललात की.”

 त्यांनी शिलाई फोनवरून दिली आणि गेले. फॉर्म मी चिंध्यांच्या पोत्यात टाकला. राग होताच, पण खरं सांगू? त्यांची कीवही आली.

दुसऱ्या दिवशी बँक उघडायच्या आधीच मी दारात पोचले. गाळ्याचं काय करायचं, ते अजून ठाऊक नव्हतं. माझ्या पुढे एकच म्हातारी उभी होती. तिने लेकाच्या कोटाची बाही घट्ट धरली होती.