बारा वर्षांची फट

पुस्तकं बांधून देणाऱ्या बांधणीवाल्याच्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं की त्याची नजर आधी भिंतीवरच्या चौकटीवर जायची. काळ्याभोर शाईत, वळणदार अक्षरांत तिथे पैगंबरांचं म्हणून एक वचन लिहिलेलं होतं: जो फाटलेलं पुस्तक सांधतो, तो एका विद्वानाचं आयुष्य वाढवतो. बांधणीवाला ते येईल त्याला वाचून दाखवायचा आणि दाखवताना त्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. सुई-दोरा आणि खळीच्या वासात त्याची बत्तीस वर्षं गेली होती. त्या कष्टांवर इतका मोठा शिक्का दुसऱ्या कोणाचा मिळणार?

त्याची मुलगी मदरशात हदीस शिकत होती. हदीस म्हणजे पैगंबरांचं बोलणं-वागणं, एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगत पुढे आलेलं. ती सांगणाऱ्यांची साखळी तपासायची हे तिचं काम. प्रत्येक माणूस खरा होता का, त्याची आठवण शाबूत होती का, तो पुढच्याला खरोखर भेटला होता का. शेवटच्या वर्षी प्रत्येकीने एक वचन निवडून त्याचा छडा लावायचा होता. बांधणीवाल्यानेच हट्ट धरला की चौकटीतलं घे. खाली सगळी साखळी लिहून टाकू, मग कोणाची बोट दाखवायची छाती होणार नाही.

चार महिने मुलगी पुस्तकांत डोकं खुपसून बसली. एका दुपारी दुकानात कोणी नाही असं बघून ती आली आणि स्टुलावर टेकली. तिचा चेहरा बघूनच त्याने हातातली सुई खाली ठेवली.

"अब्बा, साखळीतला एकजण म्हणतो, मी हे अमक्याकडून ऐकलं. पण तो अमका ह्याच्या जन्माआधी बारा वर्षं वारला होता."

साल चुकलं असेल, तो म्हणाला. तिने तीन वेगवेगळे चरित्रग्रंथ पडताळले होते, तिन्हींत तेच. दुसरी एखादी साखळी असेल. एक होती, पण तिच्यातल्या एकाची म्हातारपणी आठवण गेली होती, आणि तीही फिरून त्याच फटीत येऊन पडत होती.

"पण वचन तर चांगलंच आहे ना? मग बिघडलं कुठे?"

"चांगलंच आहे," मुलगी हळू म्हणाली. "पण चांगलं आहे म्हणून ते त्यांच्या तोंडी घालायचा हक्क आपल्याला कोणी दिला?"

बांधणीवाला रुसला. दोन दिवस तो मान खाली घालून जेवला. शेवटी बायकोने सुनावलं, "लेकीच्या हातात चाळणी तुम्हीच दिलीत. आता खडे निघाले तर फुगता कशाला?"

तिसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक जुनं पुस्तक घेऊन आलं. मधली आठ पानं गळाली होती. दुसऱ्या प्रतीतली घाला, म्हणालं, पण अशी बेमालूम की कोणाला कळता कामा नये. बांधणीवाल्याने हयातभर दिलेलं उत्तर दिलं: पानं घालीन, पण ती दुसरीकडची आहेत हे आतल्या कागदावर लिहीन. नाहीतर पुस्तक घेऊन चालायला लागा. गिऱ्हाईक कुरकुरत कबूल झालं. ते गेल्यावर बांधणीवाल्याने हातातलं पुस्तक बाजूला ठेवलं. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं होतं. मग तो उठला, स्टुलावर चढला आणि चौकट उतरवली. संध्याकाळी त्याने मुलीला एवढंच विचारलं की परीक्षा कधी आहे; मी येणार.

परीक्षा तोंडी होती, भरल्या दालनात. बांधणीवाला मागच्या रांगेत अंग चोरून बसला. मुलीने एकेक नाव घेत साखळी मांडली, फट दाखवली, आणि वचन कमकुवत ठरतं असं स्वच्छ सांगितलं. पाहुणे परीक्षक प्रवचनांसाठी नावाजलेले, वयाने मोठे. त्यांनी चष्मा काढला.

"हे वचन तू पहिल्यांदा कोणाकडून ऐकलंस?"

"माझ्या वडिलांकडून."

"म्हणजे तेही एक कडीच झाले. मग त्यांच्याबद्दल तुझा निर्णय काय?"

दालनात खसखस पिकली. मुलीने मागे वळून पाहिलं नाही.

"माझे वडील खोटं बोलत नाहीत, याला सगळी गल्ली साक्षीदार आहे. पण हे कोणाकडून ऐकलं ते त्यांना आठवत नाही. माणूस म्हणून पक्के, या वचनापुरते कच्चे."

आता कोणी हसलं नाही. परीक्षकांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "मी हे वचन सतरा वर्षं लोकांना सांगत आलोय. यापुढे सांगणार नाही." आणि त्यांनी तिच्या नावापुढे पहिल्या वर्गाची खूण केली.

शेजारचा गृहस्थ बांधणीवाल्याकडे झुकून कुजबुजला, "मुलगी तुमचीच ना? चारचौघांत बापाला कच्चं म्हणाली?"

"म्हणाली," बांधणीवाला म्हणाला. "आणि पक्कंही म्हणाली. दोन्ही तपासून म्हणाली."

घरी परतताना मुलगी मैत्रिणींबरोबर पुढे होती. तो मागून तिची पुस्तकं सांभाळत चालला होता. वाटेत जो ओळखीचा भेटेल त्याला थांबवून तो दालनातली हकीकत सांगत होता. एरवी कुठल्याही गोष्टीला फोडणी दिल्याशिवाय त्याला राहवत नसे. त्या दिवशी मात्र प्रत्येकाला त्याने ती जशी घडली तशीच सांगितली, पदरचा एक शब्द न घालता.