परतीची शिदोरी

बापलेक गाडीत चढले तेव्हा समोरच्या बाकावरची चष्मेवाली बाई हसली. हसण्यासारखंच होतं म्हणा. दोन उशा, दोन पांघरुणं, पाण्याच्या चार बाटल्या, झाकणाचा मग, सपाता, खिडकीला बांधायचा पडदा, आणि या सगळ्यावर शिदोरीची अगडबंब पिशवी.

"संसार थाटायला निघालात की काय?" तिनं विचारलं.

"कायमचं थोडंच चाललोय?" म्हातारा म्हणाला. "डोळे दाखवायचेत. आठ दिवसांत परत."

लेकीनं पिशवी बाकाखाली सरकवली आणि पायानं आणखी आत ढकलली.

डोळे वगैरे काही दाखवायचे नव्हते. गाडी उद्या चार वाजता जिथे पोचणार होती तिथे एका वृद्धाश्रमात खाट ठरली होती, आणि परतीचं तिकीट एकच काढलेलं होतं. लेक दिवसभर कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर. म्हाताऱ्यानं महिन्याभरात दोनदा गॅस उघडा ठेवला. दुसऱ्यांदा ठेवला तेव्हा आत तिची सात वर्षांची मुलगी झोपली होती. त्यानंतर तिला कुणी नावं ठेवावीत असं काही उरलं नव्हतं. पण बापाला खरं सांगायची हिंमत तिला झाली नाही, एवढा दोष तिच्या पदरी पडतोच.

म्हाताऱ्यानं चाळीस वर्षं पुस्तकं बांधली होती, आणि प्रवासाचं खाणंही तो तसंच बांधायचा. कागदाची नीट घडी, वरून जाड दोरा. जाताना खायच्या पुडीला एक गाठ, परतीच्या पुडीला दोन. परतीच्या पहिल्या जेवणाची पुडी, माणशी एक, घर सोडतानाच बांधायची आणि पिशवीच्या तळाशी ठेवायची. बायकोला लांबच्या दवाखान्यात न्यायची घाई झाली तेव्हा या पुड्या राहिल्या, आणि तो एकटाच परत आला. तेव्हापासून हा नेम कधी चुकला नव्हता. लोक हसायचे, तो हसत नसे.

आता त्याचे हात कापत, म्हणून या खेपेला पुड्या लेकीनं बांधल्या. एका गाठीच्या आठ झाल्या. दोन गाठींची एक झाली. दुसरीसाठी तिनं कागद पसरला आणि हात पुढे जाईना. खोटं बोलणं जिभेला जमलं होतं, हाताला जमेना. कागद ओट्यावर तसाच राहिला. एक खोटी पुडी बांधली असती तर भागलं असतं, हे तिला गाडी सुटल्यावर सुचलं. वरातीमागून घोडं.

पहिल्या दुपारी म्हातारा पिशवीकडे वाकला.

"तुम्ही बसा बाबा, मी काढते."

संध्याकाळीही तिनंच काढल्या. पांघरूण ओढताना मात्र त्याच्या हाताला तिनं त्याच्यासाठी भरलेल्या कपड्यांच्या बोचक्यातली लोकर लागली.

"स्वेटर? ऐन उन्हाळ्यात?"

"दवाखान्यात गार असतं."

त्यानं मान डोलवली. तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, असं तिला वाटलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

दुसऱ्या सकाळी पिशवी ढिली पडली होती. फेरीवाल्याकडून तिसऱ्यांदा काहीतरी विकत घेत चष्मेवालीनं विचारलं, "संपत आलं की सगळं. परत जाताना काय खाणार?"

"आहे ना," म्हातारा म्हणाला. "तळाशी आहे."

लेकीनं हातातला घास खाली ठेवला. पाणी पिऊन ती हात धुवायला गेली. तिथे रांग होती. ती परत आली तेव्हा पिशवी बाकाखालून बाहेर आली होती आणि म्हातारा खिडकीबाहेर पाहत होता. तिनं पिशवी पायानं पुन्हा आत ढकलली. विचारलं असतं तर तो बोलला असता, आणि तिला त्याचंच भय वाटत होतं.

दुपारी तिनं एका गाठीच्या शेवटच्या दोन पुड्या काढल्या. त्यानं आपली घेतली, पण उघडली नाही.

"जेवा ना बाबा."

"भूक नाही."

त्यानं पुडी मांडीवर ठेवली, दोऱ्याची टोकं चिमटीत धरली आणि दुसरी गाठ मारायला घेतली. बोटं थरथरत होती. टोक दोनदा निसटलं. चष्मेवाली मदतीला पुढे झाली, तर त्यानं नुसती मान हलवली. लेक समोर बसून पाहत राहिली. गाठ बसली तेव्हा तो पिशवीत कोपरापर्यंत हात घालून वाकला आणि पुडी तळाशी, तिच्या पुडीशेजारी ठेवली.

"माझी राहिली होती," तो म्हणाला. "घाईत होतं असं. तुझ्या आईच्या वेळी मीच विसरलो होतो."

"बाबा, बटाटे आहेत त्यात. आठ दिवसांत आंबतील."

"आंबू देत. बांधलेली असली म्हणजे झालं."

चारच्या सुमाराला गाडीचा वेग कमी झाला. "आलं तुमचं," चष्मेवाली म्हणाली. म्हाताऱ्यानं सपाता काढून बूट घातले, आपली उशी काखेत मारली, स्वेटरचं बोचकं स्वतःच उचललं.

"शिदोरी तू सांभाळ," तो लेकीला म्हणाला. "दोन्ही पुड्या तुझ्याकडेच राहू देत."

तिनं पिशवी उचलली. दोन पुड्यांचं ते काय वजन. पण दारापर्यंत जाईतो तिला ती दोनदा खाली ठेवावी लागली.