गळक्या नळाखालची व्हायोलेट

साहेबांना नीटनेटकेपणाचं भारी वेड. साहेब म्हणजे धाकटीचा सख्खा थोरला भाऊ, शेजारच्याच घरात राहणारा. आईने लावलेलं झाड तोडून त्याने तिथे हिरवळ केली, त्या दिवसापासून धाकटीने त्याला दादा म्हणणं सोडलं. साठी उलटली तरी तिचा हट्ट कायम. पान पडायची खोटी, की साहेब झाडू घेऊन हजर! असल्या बागेत रोपं कसली वाढतायत, नुसती सावधानमध्ये उभी असतात.

धाकटीच्या घरामागे मात्र गळका नळ, कुजका पाला आणि भिंतीलगत झाडाच्या सावलीत आईने रानातून आणलेली व्हायोलेट. पानं बदामाच्या आकाराची, जांभळी फुलं खाली मान घातलेली. त्या रानावर आता घरं उभी होती. आईचं म्हणून उरलं होतं ते एवढंच.

लेकीच्या बाळंतपणाला जाताना धाकटीने किल्ली भावाकडे ठेवली. तिथेच चुकलं. परत येऊन बघते तर काय, नळ दुरुस्त, पाला साफ, वरची फांदी छाटलेली, आणि भर उन्हात खताच्या ढिगाखाली व्हायोलेट करपून गेलेली.

"केवढी घाण होती गं!" साहेब म्हणाले. "सगळं चकाचक करून टाकलं."

"तिला तीच घाण लागते. सावली, ओल आणि कुजलेलं पान. अक्कल नसेल तर माणसाने निदान हात तरी आवरावेत!" बोलता बोलता तिला रडू फुटलं. तेही याच्यासमोर, म्हणून ती आणखीच भडकली.

पुढच्या वर्षी ती कुंपणापाशी उभी होती. पलीकडे साहेब तणनाशकाचा पंप घेऊन उकिडवे बसले होते.

"आधी मुंग्या, आता हे तण!" ते करवादले.

पायरीच्या सावलीतल्या ओल्या फटीत चार बदामी पानं आणि एक जांभळं फूल. व्हायोलेट करपण्याआधीच मुंग्यांनी तिचं बी ओढत नेलं होतं. आणि नेऊन टाकलं कुठे, तर या ठोंब्याच्या दारात!

साहेबांनी नळी फुलावर रोखली.

"दादा, थांब!"

पंप खाली आला. "काय म्हणालीस?"

"ऐकलंस ना? परत म्हणणार नाही."

त्याने वाकून फुलाकडे पाहिलं. "आईचं?" आवाज एकदम बारीक झाला. "मग काय करू मी? पाणी घालू? खत?"

"काहीही करू नकोस," धाकटी म्हणाली. "तेवढं तरी जमेल ना तुला?"